बाबांचा चष्मा, माटोळी आणि कॅमेरा

बाबांकडे एक वही आहे, शाळेतली जुनी लाँगबुक, तिच्यात ते दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीला (आमच्या गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती रानफळा-पानांची चौकट) काय काय बांधलं त्याची नावं लिहून ठेवतात. कवंडळां, घागऱ्यो, कांगलां, नागुलकुडो, आंबाडे, चिबूड, सुपारीचं शिपटं, सगळं. बाजूला मराठी नाव मिळालं तर मराठी, कुठून आणलं, कोणी आणून दिलं, गेल्या वर्षी मिळालं होतं आणि यंदा नाही असंही. रिटायर झाल्यावर त्यांच्या मनात आलं की नावासमोर फोटो पाहिजे, कारण नुसत्या नावावरून माझ्या मुलाला काही कळत नाही, त्याने कवंडळ रानात कधी बघितलेलंच नाही. मोबाइलवर दोन वर्षं प्रयत्न केला. आमची गणपतीची खोली आतल्या बाजूला, खिडकी एकच, त्यात पावसाळी उजेड, माटोळी डोक्यावर टांगलेली, फोटोत कवंडळाचा लाल रंग म्हणजे नुसता डाग यायचा आणि पानं सगळी एकात एक मिसळलेली.

२०२३ च्या मे महिन्यात मी घरी गेले होते तेव्हा ते म्हणाले, "बाय, मला डोळा लावून बघायचा कॅमेरा पाहिजे. मोबाइल हातात लांब धरून बघितलं की मला काही कळत नाही." बाबा स्वतःसाठी काही मागत नाहीत. शर्टसुद्धा आई आणते तो घालतात. त्यामुळे त्यांनी मागितलं म्हटल्यावर मी ते फार मनावर घेतलं, आणि पुढचे तीन महिने याच्यातच गेले. आईवडिलांसाठी असा कॅमेरा शोधणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

घरात आधी एक याशिका एमएफ-टू होता, रोलवाला. आमचे लहानपणीचे सगळे फोटो त्याच्यावरचे. तो चामड्याच्या केसात घालून कपाटात ठेवलेला, आणि १०-१२ वर्षांनी काढला तर लेन्सच्या आत कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी. गोव्यातल्या पावसाळ्याने खाल्लेला तो कॅमेरा बाबांनी टाकला नाही, अजून आहे. ही गोष्ट पुढे कामाला आली म्हणून सांगितली.

सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं, ऑफिसातून आल्यावर रात्री मेगापिक्सेल, फोकस पॉइंट, सेकंदाला किती फोटो, असे तक्ते बघत बसायचे. कॅननचा १५००डी, २००डी टू, निकॉनचा डी३५००, डी५६००, सगळे २४ मेगापिक्सेलचे. सगळ्यांचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, एपीएस-सी मापाचा, कॅननचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, निकॉनचा त्याहून किंचित मोठा, आणि कुठल्याही मोबाइलच्या सेन्सरपुढे दोन्ही भरपूर मोठे. त्यामुळे माटोळीचा फोटो यांच्यातल्या कुठल्याही कॅमेऱ्याने मोबाइलपेक्षा चांगलाच आला असता. मग निवडायचं कशावर? शेवटी मी बाबांनाच विचारलं की तुम्ही नेमके कशाकशाचे फोटो काढणार ते लिहून द्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: १) माटोळी. २) करमळीच्या तळ्यावरचे पक्षी. ३) जत्रेतली नाटकं, लांबून. ४) नातू. त्या कागदाने माझं अर्धं काम केलं.

पणजीला '१८ जून' नावाच्या रस्त्याच्या बाजूला एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानातल्या पोराने आधी सगळ्यात स्वस्त असा कॅननचा ३०००डी पुढे केला, "हातांत घेवन पळय" (हातात घेऊन बघ) म्हणून बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हाका सारकें दिसना." मला वाटलं लेन्सचा फोकस नसेल. पण आतले आकडे, ते बारीक हिरवे आकडे खाली दिसतात ना, तेसुद्धा त्यांना पुसट दिसत होते. म्हणजे गडबड लेन्सची नव्हती.

व्ह्यूफाइंडरमधलं, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतलं, चित्र आपल्या डोळ्याला साधारण एक मीटर अंतरावर असल्यासारखं दिसतं. तरुण डोळा आपोआप जुळवून घेतो. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आत बसवलेली लेन्स लांबच्या नजरेसाठीची, त्यामुळे रस्त्यावरची बस बिनचष्म्याने वाचता येते पण हाताच्या अंतरावरचं काही वाचायला चष्मा लागतो. त्यासाठीच कॅमेऱ्यात डोळा लावायच्या जागेजवळ एक बारीकसं चक्र असतं, डायॉप्टर म्हणतात त्याला, ते फिरवून आपल्या नंबराप्रमाणे आतलं चित्र स्पष्ट करून घ्यायचं. आणि ३०००डी मध्ये ते चक्रच नाहीये! स्वस्त करताना जे काही काढून टाकलं त्यात हेही गेलं, शिवाय लेन्स बसवायचं कडं प्लास्टिकचं. कुठल्याही तक्त्यात मी या ओळीकडे बघितलंच नव्हतं, कारण माझे डोळे चांगले आहेत. साठीच्या पुढच्या माणसासाठी मला वाटतं ही पहिली ओळ असली पाहिजे.

मग दुकानातल्या पोराने १५००डी दिला. त्यात चक्र आहे, उणे अडीच ते अधिक अर्धा. बाबांनी ते अधिकच्या बाजूला शेवटपर्यंत फिरवलं, बरंच स्पष्ट झालं, पण अजून जरा पाहिजे होतं असं म्हणाले. २००डी टू चं चक्र अधिक एकपर्यंत जातं. तो डोळ्याला लावला, हळूहळू फिरवत गेले आणि एका जागी थांबून म्हणाले, "आतां दिसता!" आणि कॅमेरा डोळ्यावरून काढेचनात, समोरच्या कपाटावरच्या पाट्या वाचत राहिले. त्यांचा तो आवाज ऐकून मला तिथंच भरून आलं, खरं सांगते.

ज्यांना सिलिंडरचा नंबर जास्त आहे त्यांना या चक्राचा उपयोग होत नाही, त्यांना चष्मा लावूनच बघावं लागतं. मग आयपॉइंट नावाचा आकडा बघा. डोळा काचेपासून जास्तीत जास्त किती लांब ठेवला तरी पूर्ण चौकट दिसते तो आकडा. १५००डी चा २१ मिलिमीटर, २००डी टू चा १९, डी३५०० चा १८, डी५६०० चा १७. दोन-चार मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण चष्मा घालून बघितलं तर कडा कापल्या जातात की नाही ते त्याच्यावर असतं. हे दुकानात चष्म्यासकट बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ऑनलाइन मागवून सरप्राइज देऊ नका, ज्याचा कॅमेरा त्याला घेऊन जा.

त्या दिवशी घेतला नाही. बाबांनाच एवढे पैसे एका दिवसात घालवायचे नव्हते, आणि माझ्या मनात निकॉन होता. कारण एकच, निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये मेन्यूची भाषा मराठी करता येते. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या हातात मराठीत बोलणारा कॅमेरा द्यायचा, ही कल्पनाच मला इतकी आवडली होती की बाकी सगळं मी त्याच्यात बसवायला बघत होते. डी३५०० मध्ये गाइड मोड आहे, नवशिक्याला पायरीपायरीने सांगतो की असा फोटो पाहिजे तर असं कर. बॅटरी एका चार्जवर १५५० फोटो. वजन बॅटरीसकट ४१५ ग्रॅम. सगळं बाबांसाठीच केल्यासारखं. पण तोपर्यंत निकॉनने त्याचं उत्पादन बंद केलं होतं आणि नवीन पीस आम्हाला गोव्यात कुठेच मिळेना.

सेकंडहँड मिळत होता, मडगावला एकाकडे. जाहिरातीत "अगदी नव्यासारखा". जून संपत आलेला, धो धो पाऊस, आम्ही कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस, धरून गेलो. कॅमेरा बाहेरून खरंच नव्यासारखा होता, मेन्यू मराठी केला तर बाबा लहान मुलासारखे एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. मग त्यांनीच खिशातून टॉर्च काढला. याशिकाने शिकवलेलं ते. लेन्स काढून मागून तिरका टॉर्च मारला तर आत कडेला पांढुरके धागे. बुरशी. समोरच्या माणसाने आधी धूळ आहे म्हटलं, मग पुसून देतो म्हटलं. आतली बुरशी पुसून जात नाही, लेन्स उघडावी लागते, आणि ती काचेवरचा लेपही खाते. बाबांनी कॅमेरा शांतपणे परत ठेवला. परत येताना बसमध्ये मीच नाराज होते, ते मला समजावत होते की शब्द इंग्रजी असले तर काय बिघडलं, मी त्यांचे मराठी शब्द करून घेईन.

मध्येच माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की आता डीएसएलआर, म्हणजे आपण बघतोय तसले आरशाचे कॅमेरे, कोण घेतं, कंपन्यांचं सगळं लक्ष बिनआरशाच्या मिररलेसवर आहे, नवीन लेन्स त्याच्यासाठीच येतात. ते चुकीचं नाही. मी त्याचा मिररलेस दोन दिवस घरी आणला सुद्धा, हलका, फोकस अफाट वेगवान. पण त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा स्क्रीन असतो, खोलीतल्या कमी उजेडात तो किंचित थरथरल्यासारखा दिसतो, आणि बाबांनी पाच मिनिटांत कॅमेरा खाली ठेवला, डोळा दुखतो म्हणाले. डीएसएलआरमध्ये आरशावरून आलेला खरा उजेड डोळ्यात जातो, खिडकीतून बघावं तसं. बॅटरीही मिररलेसची लवकर संपते, चार्जिंगला लावायचं लक्षात ठेवणं हे आमच्याकडे रोजचं भांडण आहे. तरुण मुलाला घेत असते तर मी मिररलेसच घेतला असता.

ऑगस्टमध्ये परत पणजीला. या वेळी बाबांनी एक मागणी केली जी मला सुचलीच नव्हती. त्यांनी दुकानातल्या पोराला सांगितलं, "वरच्या पंख्याचा फोटो काढून बघतो." त्यांच्यासाठी तो पंखा म्हणजे माटोळी. १५००डी घेऊन मान वर करून डोळा लावला, दोन फोटो काढले आणि मान धरून खाली बसले. त्यांना स्पाँडिलायटिस आहे. माटोळी बघायची तर मान वर, आणि ५०-६० वस्तूंचे फोटो काढायचे म्हणजे अर्धा दिवस मान वर. १५००डी चा मागचा स्क्रीन घट्ट बसवलेला, हलत नाही, टचही नाही, आणि स्क्रीनवर बघून फोकस करायला तो खूप वेळ घेतो. २००डी टू चा स्क्रीन बाहेर येतो आणि फिरतो. कॅमेरा पोटाशी धरायचा, तोंड वर छताकडे, स्क्रीन उघडून आपल्याकडे वळवायचा आणि खाली बघत बोट लावायचं, जिथे बोट तिथे फोकस, लगेच. सेन्सरवरच फोकस करायची कॅननची ड्युअल पिक्सेल पद्धत आहे त्यामुळे हे जमतं. बाबांनी पंख्याच्या पात्यावरच्या धुळीवर बोट ठेवलं आणि धुळीचा सुंदर फोटो आला. दुकानातला पोरगा हसला पण बाबा अगदी गंभीर होते, त्यांना पाहिजे ते सापडलं होतं.

तर डोळा लावून बघायला चक्र अधिक एकपर्यंत जाणारं, आणि डोळा न लावता बघायला फिरणारा स्क्रीन, या दोन कारणांनी २००डी टू ठरला. किटच्या, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणाऱ्या, १८-५५ लेन्ससकट तेव्हा साठ हजारांच्या आसपास पडला, १५००डी पेक्षा वीसेक हजारांनी जास्त, आणि मला ते पैसे जास्त वाटले नाहीत. कॅमेरा बॅटरीसकट ४४९ ग्रॅम, किटची लेन्स २१५, म्हणजे पाऊण किलोच्या आत. पट्टा गळ्यात घालून बाबा दुकानाबाहेर पन्नास पावलं चालून आले आणि म्हणाले हे जमेल.

दुकानदाराने मग नेहमीचं सुरू केलं, सोबत ट्रायपॉड, फिल्टर, बॅग, कार्ड, सगळं मिळून एक पॅकेज. तो ट्रायपॉड हातात घेतला तर उभा करतानाच डगमगत होता. आम्ही फक्त कार्ड घेतलं, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला, तो खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्याच्या तळावरच्या नंबराशी जुळवून बघितला. बिल नको असेल तर थोडं कमी करतो असंही म्हणाला होता. बाबा म्हणाले, बिल द्या. वॉरंटीसाठी ते लागतंच, आणि बाबांना तसं चालतही नाही.

दुसरी लेन्स कुठली यावर मात्र आमचा खल झाला. बाबांना पक्ष्यांसाठी ५५-२५० पाहिजे होती. कॅननच्या या सेन्सरवर १.६ ने गुणायचं म्हणजे २५० ची लेन्स फुलफ्रेमवरच्या, म्हणजे जुन्या रोलएवढ्या सेन्सरवरच्या, ४०० सारखी दिसते, करमळीच्या तळ्यावर काठावरून पाणकोंबडी तेवढ्यात बऱ्यापैकी मोठी येते. पण चवथ महिन्यावर आलेली आणि खोलीतला अंधार तसाच. किटची लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते (एफ म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान). साधी ५० मिलिमीटर एफ १.८ घेतली तर उजेड जवळपास दहा पट जास्त, म्हणजे जिथे एक दशांश सेकंद लागतो तिथे शंभरांश सेकंदात काम होतं. बाबांचा हात थोडा कापतो, म्हणून हा हिशोब महत्त्वाचा. किटच्या लेन्समध्ये आयएस म्हणजे हात कापला तर सावरून घेणारी सोय आहे, ५० मध्ये ती नाही, पण शंभरांश सेकंदात कापणारा हातही तेवढा दिसत नाही. आणि ती फक्त १६० ग्रॅमची, तेव्हा दहा हजारांच्या आत. एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगितली की एफ १.८ वर पुढचं फळ स्पष्ट आणि मागचं धूसर येणार, घोस पूर्ण पाहिजे तर एफ ४ पर्यंत जायचं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची तीव्रता, वाढवायचा. चवथीसाठी ५० घेतली, ५५-२५० दिवाळीनंतर.

आता ठेवायचं कसं. याशिकाचं जे झालं ते परत होऊ द्यायचं नाही हे बाबांनी आधीच ठरवलं होतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दाण्यांच्या पुरचुंड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे, बाहेर जुलै-ऑगस्टमध्ये ९० च्या वर सहज जातो. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून कोरडे करायचे, हे काम आईने स्वतःहून घेतलं. चामड्याची केस नाही, कपाट नाही. समुद्रावर नेला तर आल्यावर ओलसर फडक्याने पुसून मग कोरड्या फडक्याने, खारं वारं धातूला सोडत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर काढायचा नाही, लेन्सवर दव धरतं, पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचा.

शिकवायला मी दर रविवारी जात होते, पण खरं तर बाबांनी स्वतःच शिकून घेतलं. त्यांनी नवीन वही केली. शटर स्पीडला "उघडझाप", अ‍ॅपर्चरला "झरोका", आणि पुढे कंसात "आकडा मोठा तर झरोका लहान, हे उलटं आहे, विसरू नये". आयएसओला त्यांना शब्द सापडला नाही, तिथे जागा सोडलीय. ऑटो मोडवर दोन आठवडे, मग एव्ही मोडवर, म्हणजे झरोका आपण ठरवायचा आणि उघडझाप कॅमेऱ्याने. बारीक अक्षरं वाचायला चष्मा, डोळा लावताना चष्मा वर कपाळावर, ही कसरत पहिले काही दिवस त्यांना त्रास द्यायची. चष्म्याला दोरी बांधली तेव्हा थांबलं. आणि डायॉप्टरचं चक्र पिशवीतून काढताना घासून फिरतं, मग सगळं धूसर दिसतं आणि माणूस घाबरतो की कॅमेरा बिघडला. फोन आला होता मला तसा. आता तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका लावलाय, ठिपका जुळवला की झालं.

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या माटोळी बाजारात ते सकाळी सहाला गेले, कॅमेरा गळ्यात, वरून छत्री. रानातून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांना विचारून एकेका वस्तूचा फोटो काढला. घरी माटोळी बांधून झाल्यावर, आरतीच्या आधी, खुर्ची ओढून खाली बसून, कॅमेरा मांडीवर, स्क्रीन उघडा, ७२ फोटो. माझा मुलगा पलीकडे उभा राहून टॉर्चचा उजेड भिंतीवर मारत होता, तो भिंतीवरून परत माटोळीवर पडायचा, ही युक्ती कोणाची ते मला माहीत नाही, त्या दोघांपैकी एकाची. कवंडळाचा लाल या वेळी लालच आला, वरची पांढरट रेघसुद्धा दिसते.

एक फोटो मात्र असा आहे की त्यातलं फळ कोणाला ओळखता येत नाही. बोराएवढं, हिरवट, देठाशी पाच टोकं. विकणारीने नाव सांगितलं होतं पण गर्दीत बाबांना नीट ऐकू आलं नाही. वहीत त्याच्यासमोर फोटो चिकटवलाय आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्ह. त्याची एक जादा प्रिंट काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलीय, लग्नाला, जत्रेला, बँकेत, कोणी म्हातारं माणूस भेटलं की ते ती काढून दाखवतात.

गेल्या रविवारी सांग्याच्या एका बाईने बघून सांगितलं, हे आमच्याकडे दोन जातींचं मिळतं, यातलं कुठलं ते देठ उजव्या बाजूने बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. बाबा घरी आले आणि आधी डब्यातून कॅमेरा काढून सगळे ७२ फोटो परत बघत बसले, उजव्या बाजूचा एखादा निघतो का म्हणून. नाही निघाला. "यंदा प्रत्येकाचे चार बाजूंनी," एवढंच म्हणाले आणि मला बॅटरी चार्जिंगला लावायला सांगितली.